बदल्यांतली २२ वर्षं बायोडेटात कशी मांडायची?

प्रश्न : माझं वय ४२. मिस्टर सैन्यात सुभेदार आहेत, पुढच्या वर्षी २८ वर्षांची नोकरी पूर्ण करून निवृत्त होतील. बारावी झाली आणि दोन वर्षांत लग्न झालं. त्याला आता २२ वर्षं झाली. बेळगाव, जालंधर, बिन्नागुरी, जोधपूर, सिकंदराबाद असा संसार झाला. ते फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी असले की मी मुलांना घेऊन गावी राहायचे. जोधपूरला असताना इग्नू या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. मिळेल तिथे नर्सरीत शिकवलं, युनिटच्या वेल्फेअरमध्ये, म्हणजे जवानांच्या कुटुंबांसाठीच्या उपक्रमांत शिवणवर्ग घेतले. जालंधरच्या शाळेत मला कायम करणार होते, त्याच महिन्यात पोस्टिंग आली. आता साताऱ्यात घर बांधलंय. मागे वळून बघते तेव्हा संसार दिसतो, माझं असं काही दिसत नाही. बी.एड. करावं असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, पेन्शन आहे, आता कशाला? मुलगी बारावीला आहे, तिच्या प्रवेशाचंही बघायचंय. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

जालंधरच्या शाळेची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण मला तुमचं सगळं पत्र त्या ओळीभोवती फिरताना दिसतं. हातातोंडाशी आलेली कायम नोकरी सोडून पेट्या भरायला लागणं हे नुकसान आहे. ‘फौजीची बायको म्हटल्यावर हे चालायचंच’ असं म्हणून आजूबाजूचे त्यावर पांघरूण घालतात आणि हळूहळू आपणही घालतो. तुम्ही घालू नका. तुम्हाला वाईट वाटतं ते रास्त आहे. मात्र बी.एड.ची ओढ त्या अर्धवट राहिलेल्या गोष्टीतून आली असेल, तर फॉर्म भरण्याआधी थांबा.

बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि त्याला कॉलेजात हजेरी लागते. इग्नूचं बी.एड. आहे, पण ते आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी किंवा प्रशिक्षित, नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. नुसत्या बी.ए.वर तिथे प्रवेश मिळत नाही. दुसरं म्हणजे, तुमचा अनुभव आणि आवड दोन्ही लहान मुलांची. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. तिथे डी.एल.एड. ही शिक्षणाची पदविका लागते. म्हणजे दोन वर्षं घालवून हाती येणारी पदवी तुम्हाला हव्या असलेल्या वर्गापर्यंत नेणारच नाही. तिसरं, वय. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि कोर्स संपेपर्यंत तुम्ही ४४ च्या व्हाल. माजी सैनिकांना मिळणारी वयाची सवलत मिस्टरांसाठी आहे, ती तुम्हाला लागू होणार नाही. सैनिकांच्या घरांत हा गैरसमज फार असतो आणि त्यापायी परीक्षांच्या फीवर पैसे जातात. राहिल्या खाजगी विनाअनुदानित शाळा. तिथे वयाचा अडसर कमी असतो, पण बी.एड. करूनही पगार बेताचाच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : बी.एड. नको.

मग काय, हे सांगण्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी, आणि ती तुम्ही एकटीने ठरवायची नाही. मिस्टर निवृत्त होतील तेव्हा ४७-४८ चे असतील. या वयाचा सुभेदार घरी बसत नाही. पुण्या-मुंबईत सिक्युरिटीतल्या जागा असतात, बँकांत असतात, ओळखीतून बोलावणी येतात. त्यांनी पुण्याची नोकरी धरली, तर तुम्ही साताऱ्यात राहणार की मागोमाग जाणार? आजवर हा प्रश्न मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे बदलीचा हुकूम सोडवायचा. आता तो तुम्हा दोघांना सोडवायचाय, आणि कुठल्याही कोर्सआधी सोडवायचाय. पुढची पाच वर्षं घर साताऱ्यातच राहील, हे एकदा नीट बसून ठरवा. ते ठरलं नाही, तर हातात घेतलेलं पुन्हा अर्धवट राहील आणि या वेळी दोष द्यायला ऑर्डरही नसेल.

‘पेन्शन आहे, आता कशाला’ याबद्दलही मनापासून लिहिते. पेन्शन हातात असूनही मिस्टर दुसरी नोकरी बघतील, तेव्हा त्यांना हा प्रश्न कुणी विचारणार नाही. काम माणसाला पैशांखेरीजही हवं असतं, हे त्यांना तुमच्याइतकंच कळेल, पण शांतपणे, बाकीचे कुणी समोर नसताना बोला. इतकी वर्षं एक पाय फील्डला असलेला माणूस आता बाराही महिने घरात असेल. दोघांनाही त्याची सवय नाही. दोघांनी दिवसाचे काही तास आपापल्या कामात असणं या घराला मानवेल, असं मला वाटतं.

आता ‘माझं असं काही दिसत नाही’ याकडे येते. ते दिसत नाही, कारण ते कुठे लिहिलेलं नाही. एक वही घ्या. प्रत्येक ठाण्याला, म्हणजे बदलीच्या गावाला एक पान द्या. गाव, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, काय काम केलं, कुणासाठी केलं, किती मुलं किंवा बायका होत्या, आणि आज फोन केला तर ‘हो, यांनी केलं’ असं कोण सांगेल. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा.

क्वार्टर सोडतानाचं मार्चिंग आउट, म्हणजे घर मोजून परत देणं आठवा. मिस्टर बहुतेक वेळा युनिटबरोबर पुढे गेलेले. लष्कराच्या इमारती सांभाळणाऱ्या एमईएसचा माणूस यादी घेऊन दारात उभा. पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा, दाराच्या कड्या एकेक करून मोजून द्यायच्या, कमी भरलं ते भरून द्यायचं. एकीकडे नाव-नंबर-रँक रंगवलेल्या काळ्या पेट्या बांधायच्या, दुसरीकडे मुलांची टीसी, गॅसचे कागद, बँकेचं खातं. हे तुम्ही पाच ठाण्यांवर केलंत. बायोडेटात ‘मार्चिंग आउट’ लिहून मुख्याध्यापकांना काही कळणार नाही आणि ‘घर उत्तम सांभाळलं’ लिहिलं तर ते पुढची ओळच वाचणार नाहीत. पण ‘वर्षाच्या मध्यात शाळा बदललेल्या मुलांना, नवी भाषा असलेल्या वर्गात रुळवण्याचा अनुभव, हिंदी अस्खलित, पंजाबी समजते’ असं लिहिलं तर निवासी शाळेचे लोक थांबून वाचतील. वहीत सगळं लिहा. बायोडेटात मात्र समोरच्याला उपयोगी पडेल तेवढंच उचला.

अनुभवाची पत्रं आत्ताच मागा. जालंधरच्या शाळेचं पत्र पहिलं, कारण तिथे तुमचं काम सगळ्यांत पक्कं होतं. वेल्फेअरच्या शिवणवर्गाचं पत्र युनिटकडून मिळतं का, हे मिस्टर नोकरीत असेपर्यंतच विचारून घ्या. निवृत्तीनंतर ओळखीचे चेहरे बदलतात आणि साधं पत्र मिळवायलाही महिने जातात. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा. मिस्टरांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तुमचं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हेही याच वेळी तपासायला सांगा. निवृत्तीनंतर ती दुरुस्ती जास्त रेंगाळते, आणि फॅमिली पेन्शनचा प्रश्न असतो.

आता तुमच्यासाठी मला दिसणाऱ्या वाटा. पहिली पूर्व-प्राथमिकची. इग्नूचा बालसंगोपन व बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम बारावीवर करता येतो आणि किमान एक वर्षाचा आहे. त्याने सरकारी शिक्षकपद मिळत नाही, पण खाजगी बालवाड्या आणि नर्सरी शाळांत तुमच्या अनुभवाला त्याचा आधार मिळेल. मनात स्वतःची बालवाडी असली, तरी आधी निदान एक वर्ष दुसऱ्याच्या शाळेत काम करा. साताऱ्यातल्या पालकांच्या अपेक्षा ठाण्यावरच्या पालकांपेक्षा वेगळ्या असतील.

दुसरी वाट मला तुमच्यासाठी जास्त आवडते. निवासी शाळा. पाचगणी तुमच्या जिल्ह्यात आहे. १९६१ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं सैनिक स्कूल तर साताऱ्यातच आहे. वसतिगृह असलेल्या शाळांना मेट्रन लागतात, अधीक्षिका लागतात. घरापासून लांब आलेलं, जेवणावरून उठून जाणारं, रात्री रडणारं मूल सांभाळणं हे त्यांचं रोजचं काम. तुमच्या मुलांनी दर दोन-तीन वर्षांनी मैत्रिणी-मित्र सोडले आणि प्रत्येक नव्या शाळेचे पहिले काही आठवडे तुम्ही निभावलेत. या कामाला ती तयारी लागते. अडचण एवढीच, की बऱ्याच जागांवर तिथेच राहावं लागतं. हे घरच्यांशी मोकळेपणाने बोलल्याशिवाय अर्ज करू नका.

तिसरी वाट शाळेच्या कार्यालयाची, प्रवेश विभागाची. टीसी, बोर्ड बदलणं, केंद्रीय विद्यालयातल्या बदलीच्या जागा, हे तुम्ही अर्जदार म्हणून पुरेपूर जाणता. त्यासाठी एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंग करून घ्या. इतकी वर्षं बरीचशी महाराष्ट्राबाहेर गेल्यामुळे मराठी लिहिण्याचा सराव सुटला असेल, तर तोही यात परत येईल.

मुलीबद्दल थोडक्यात. राज्याच्या सीईटी प्रवेशांत संरक्षण दलातल्यांच्या मुलांसाठी वेगळा प्रवर्ग आहे. सेवेत असलेल्या आणि माजी सैनिकांच्या मुलांसाठी त्यात निरनिराळे प्रकार आहेत. तिच्या अर्जाच्या वेळी वडील सेवेत असतील की निवृत्त, यावर प्रमाणपत्र ठरेल. वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला आत्ताच काढून ठेवा. माजी सैनिकांच्या कागदांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कुठलाच फॉर्म भरू नका.

खाजगी शाळा नव्या वर्षासाठी माणसं फेब्रुवारी ते मे या दिवसांत बघतात. तोवर वही पूर्ण करा, जालंधरचं पत्र मिळवा आणि एका पानाचा बायोडेटा तयार करा. तो मला पाठवा, मी दुरुस्त्या करून परत पाठवते.