०.९३८ जीईव्हीच्या प्रोटॉनमधून १७३ जीईव्हीचा टॉप क्वार्क येतो कुठून?

तू परभणीहून विचारलंस ते थोडक्यात असं: प्रोटॉनचं वस्तुमान ०.९३८ जीईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक), टॉप क्वार्कचं सुमारे १७३. (क्वार्क म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण; अप, डाउन, चार्म, बॉटम, टॉप या त्यांच्या जाती.) मग प्रोटॉनवर प्रोटॉन आदळला की टॉप निघतो कसा? तो आत दडलेला असतो का? आणि औंढा नागनाथला होणाऱ्या लायगोत असले प्रयोग होतील का?

लायगोचं आधी उरकतो. तिथं कशाचीच टक्कर होणार नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतून लेझर सोडून गुरुत्वीय लहरी मोजायच्या आहेत. हे आपल्या हिंगोली जिल्ह्यात होतंय याचा मला मनापासून आनंद आहे, पण तुझ्या प्रश्नाचं ठिकाण जिनिव्हाजवळचा २७ किलोमीटर घेराचा एलएचसी हा कण-त्वरक आहे.

आता मूळ मुद्दा. प्रोटॉन फुटतो आणि आतले तुकडे बाहेर पडतात, हे चित्र आधी डोक्यातून काढ. एलएचसीत बहुतेक वेळा होतं ते असं: एका प्रोटॉनमधला ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलाचा वाहक कण) दुसऱ्यातल्या ग्लुऑनला भिडतो, दोन्ही नाहीसे होतात आणि त्यांच्या ऊर्जेतून टॉप-प्रतिटॉप ही जोडी नव्यानं तयार होते. जोडीच का, तर प्रबळ बलाला क्वार्कची जात बदलता येत नाही. (एकटा टॉपही तयार होतो, पण त्यासाठी दुर्बल बल लागतं आणि त्याचं प्रमाण कमी.) प्रोटॉनचं स्थिर वस्तुमान या हिशोबात जवळजवळ येतच नाही.

कागदावर मांडून बघ. जोडीला किमान २ × १७३, म्हणजे ३४६ जीईव्ही हवेत. टकरीची एकूण ऊर्जा १३,६०० जीईव्ही. दोन्ही ग्लुऑननी सारखा वाटा उचलला, तर प्रत्येकाकडे आपल्या प्रोटॉनच्या संवेगाचा ३४६ भागिले १३,६००, म्हणजे जेमतेम अडीच टक्के हिस्सा असला की पुरे. इतका लहान हिस्सा घेऊन फिरणारे ग्लुऑन प्रोटॉनमध्ये भरपूर असतात. आता हाच भागाकार अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या टेव्हाट्रॉन या जुन्या त्वरकासाठी कर. तिथं प्रोटॉनवर प्रतिप्रोटॉन आदळत आणि ऊर्जा १,८०० जीईव्ही होती, म्हणजे उत्तर १९ टक्के. एवढा मोठा हिस्सा ग्लुऑनकडे क्वचित असतो, प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या मुख्य क्वार्ककडे (प्रतिप्रोटॉनमध्ये प्रतिक्वार्ककडे) असतो. म्हणून टेव्हाट्रॉनमध्ये टॉपच्या साधारण ८५ टक्के जोड्या क्वार्क-प्रतिक्वार्क टकरीतून येत, आणि एलएचसीत सुमारे ९० टक्के ग्लुऑनमधून येतात. एका भागाकारातून एवढं कळतं, म्हणून मी हा विषय नेहमी इथूनच सुरू करायला सांगतो. १९९५ साली टॉप सापडला तो टेव्हाट्रॉनवरच, सीडीएफ आणि डी-झीरो या दोन प्रयोगांना. डी-झीरोमध्ये मुंबईच्या टीआयएफआरची मंडळीही होती.

'आत दडलेला असतो का' हा प्रश्न मात्र भाबडा समजू नकोस. टॉपच्या बाबतीत उत्तर सरळ 'नाही'. चार्म क्वार्कचं वस्तुमान १.२७ जीईव्ही, प्रोटॉनपेक्षा थोडंसंच जास्त. प्रोटॉनच्या घडणीतच थोडा चार्म मुरलेला आहे, असा पुरावा एनएनपीडीएफ या संशोधक गटानं २०२२ साली मांडला. सगळ्यांना तो अजून पटलेला नाही.

मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की क्वार्क जड असणं हीच आपली सोय आहे. ग्रॉस, विल्चेक आणि पोलिट्झर यांनी १९७३ साली दाखवलं की ऊर्जा वाढेल तसं प्रबळ बल दुबळं होत जातं. बलाचा जोड-स्थिरांक, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, चार्मच्या वस्तुमानापाशी साधारण ०.३८, बॉटमपाशी (४.१८ जीईव्ही) ०.२२ आणि टॉपपाशी ०.११ च्या आसपास. आपण गणित या स्थिरांकाच्या घातांच्या मालिकेत करतो. ०.११ चा वर्ग-घन झपाट्यानं लहान होतो, म्हणून टॉपचं गणित आणि मोजमाप काही टक्क्यांच्या आत जुळतं. ०.३८ असताना पुढची पदं आवरत नाहीत, म्हणून चार्मच्या अंदाजात दुपटीचा फरक पडला तरी नवल नाही. अप आणि डाउनसाठी तर ही मालिका लावताच येत नाही.

प्रमाणही ध्यानात ठेव. एलएचसीत साधारण दीडशे-दोनशे टकरींमागे एक बॉटम जोडी मिळते. टॉपची जोडी मात्र दहा कोटी टकरींमागे एक.

मग एवढ्या गर्दीत ते ओळखायचे कसे? बॉटम क्वार्क असलेला बी मेसॉन (मेसॉन म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्कचा जोडकण) सुमारे १.५ पिकोसेकंद जगतो. ५० जीईव्ही संवेगाचा बी मेसॉन तेवढ्यात सरासरी चार-साडेचार मिलिमीटर जातो आणि मग विघटतो. मूळ टकरीच्या बिंदूपासून काही मिलिमीटरवर दुसराच बिंदू, आणि तिथून निघालेले कणांचे मार्ग, हे सिलिकॉन डिटेक्टरला स्पष्ट दिसतं. टॉप एवढा टिकतच नाही. त्याचं आयुष्य ५ गुणिले १०चा उणे २५वा घात सेकंद. मेसॉन बनायलाही त्याला वेळ मिळत नाही, थेट डब्ल्यू बोसॉन (दुर्बल बलाचा वाहक कण) आणि बॉटममध्ये विघटतो. म्हणजे टॉप शोधायचा तर आधी बॉटमचा तो सरकलेला बिंदू गाठावा लागतो.

हे सगळं नुसतं वाचू नकोस, करून बघ. एलएचसी चालवणाऱ्या सर्न संस्थेच्या ओपन डेटा पोर्टलवर तिथल्या सीएमएस प्रयोगातल्या म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) जोड्यांच्या फाइली कुणालाही फुकट मिळतात. साधा लॅपटॉप आणि पायथन पुरे. प्रत्येक म्युऑनचा आडवा संवेग (झोताला काटकोनातला), ईटा (झोताशी असलेल्या कोनाचं माप) आणि फाय (झोताभोवतीचा कोन) दिलेले असतात. ही जोडी ज्या कणाच्या विघटनातून आली त्याच्या वस्तुमानाचा वर्ग म्हणजे दोन्ही आडव्या संवेगांचा गुणाकार, त्याची दुप्पट, आणि तिला गुणिले (ईटांच्या फरकाचा कॉश, म्हणजे हायपरबोलिक कोसाइन, वजा फायच्या फरकाचा कोसाइन). समजा संवेग ६ आणि ४ जीईव्ही, ईटांतला फरक ०.४, फायमधला ०.५ रेडियन. कॉश १.०८१, कोसाइन ०.८७८, वजाबाकी ०.२०३. ४८ नं गुणलं की ९.७७ आणि वर्गमूळ ३.१३. म्हणजे तू ३.०९७ जीईव्हीच्या जे-साय कणाच्या (चार्म-प्रतिचार्मच्या मेसॉनच्या) दाराशी आलास. १९७४ च्या नोव्हेंबरात ब्रूकहेवनला टिंग आणि स्लॅकला रिश्टर यांना हाच कण सापडला, आणि चार्म क्वार्क खरा आहे हे जगाला पटलं.

फायलीत वस्तुमानाचा रकाना तयार असेल, तर तो बाजूला ठेवून आधी स्वतः काढ, मग ताडून बघ. विरुद्ध विद्युतभाराच्या जोड्याच घे. कोणत्या वस्तुमानाच्या किती जोड्या ते आलेखावर मांड; जे-सायचं शिखर मिळालं की ९ ते ११ जीईव्हीचा भाग मोठा करून बघ. तिथं बॉटमची अप्सिलॉन शिखरं आहेत, ९.४६, १०.०२ आणि १०.३६ वर. बिन (आलेखातला वस्तुमानाचा एक कप्पा) रुंद ठेवलास तर मागची दोन एकमेकांत मिसळतील. आलेख इथं टाक, बिनची रुंदी आणि ईटाची मर्यादा काय घेतलीस तेही लिही. त्यावरून बॅकग्राउंड (शिखराखाली येणाऱ्या असंबंधित जोड्या) कसं वजा करायचं ते सांगतो.