बेसबॉलमधला आउटफिल्डर, म्हणजे राइट फील्डसारख्या जागी मागे लांब उभा राहणारा खेळाडू, पुढे कोच होऊ शकतो का? त्यासाठी आधी स्टार असावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय, "मुलगा राइट फील्डला असतो, स्टार काही होणार नाही, निदान कोचिंगमध्ये तरी काही होईल का?" त्या 'निदान'नं डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याच्या कोचनं मला तोंडावर सांगितलं होतं, "राइट फील्डला ठेवतो त्याला, तिथं काही बिघडत नाही." मी गप्प बसलो. पण फर्स्ट बेसजवळ, म्हणजे बॅटर मारून पळत जातो त्या पहिल्या टप्प्याजवळ, कोच म्हणून उभं राहायला एकही पालक तयार नव्हता, तेव्हा हात वर केला. बेसबॉल मला टीव्हीपुरतंच माहीत. शाळेत सांगलीला खो-खो मात्र सहा वर्षं खेळलोय. पाठलाग करणाऱ्याचा खांदा एकदा वळला की त्याला मागे फिरता येत नाही, म्हणून पळणाऱ्याची नजर खांद्यावर. पिचरचंही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचंही, तसंच. उजव्या पिचरची मागची टाच आधी उचलली तर चेंडू तिथल्या पळणाऱ्याला बाद करायला फर्स्टकडे येणार, पुढचा पाय आधी उचलला तर बॅटरकडे. एवढंच मी पोराच्या कानीकपाळी ओरडायचो. "टाच बघ! टाच! मागे ये! पळ!" सगळं मराठीत. समोरच्या कोचनं अंपायरकडे तक्रार केली, हे कसल्या खुणा करतात म्हणून. अंपायर हसला आणि पुढे खेळा म्हणाला. त्या सीझनला पोरानं नऊ वेळा सेकंड बेस चोरला, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला, पकडला गेला एकदाच.

हे मी न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या मेहुण्याला फोनवर कौतुकानं सांगितलं, तर म्हणतो, "चोऱ्या कसल्या शिकवतोस? बॅट धरायला शिकव."

हा वाद २००४ पासूनचा आहे. तेव्हा तो मेहुणा नव्हता, क्विन्सीला माझा रूममेट होता, आणि बोस्टनजवळ राहून न्यूयॉर्कच्या यांकीजचा भक्त. १७ ऑक्टोबर, बोस्टनचं फेनवे पार्क, समोर बोस्टनचाच रेड सॉक्स, यांकीज सात सामन्यांच्या मालिकेत ३-० नं आणि सामन्यात ४-३ नं पुढे. यांकीजचा पिचर रिवेरा बॉलिंगला आल्यावर रूममेट उठला, "संपलं" म्हणाला आणि झोपायला गेला. नवव्या, शेवटच्या इनिंगला रेड सॉक्सच्या मिलारला वॉक, म्हणजे न मारताच फर्स्ट बेस, मिळाला आणि त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. जुलैच्या ३१ तारखेला ट्रेडमध्ये दुसऱ्या संघातून आलेला, बराचसा बाकावरच बसलेला आउटफिल्डर. तो सेकंड बेस चोरायलाच आलाय हे अख्ख्या मैदानाला कळत होतं. रिवेरानं तीन वेळा फर्स्टला चेंडू फेकला, तीनही वेळा रॉबर्ट्स परत बेसवर. मग बॅटरला पहिलाच चेंडू पडला आणि हा सुटला. यांकीजचा कॅचर पोसाडाची सेकंडकडची फेक चांगली होती. तिथं उभ्या जीटरचा हात पडायच्या आत पठ्ठ्याचा हात बेसवर. मग बॅटर म्यूलरच्या फटक्यावर धाव, बरोबरी. बाराव्या इनिंगला रेड सॉक्सच्या ऑर्टिझनं सामना संपवला. पुढे रेड सॉक्सनं ती मालिकाही जिंकली आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाही. वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र रॉबर्ट्सला एकदाही मैदानात उतरवलं नाही.

मेहुणा आजही म्हणतो, नव्वद फुटांच्या चोरीवर हा माणूस आयुष्यभर जेवतोय. साफ चूक. चोरी करणाऱ्याला पिचर वाचावा लागतो, कॅचरच्या हाताचा वेग माहीत असावा लागतो, आणि हे सगळं बाकावर बसून शिकता येतं. रॉबर्ट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्समध्ये असताना मॉरी विल्सनं, म्हणजे १९६२ ला १०४ बेस चोरणाऱ्या माणसानं, त्याला हेच शिकवलं. पुढे सॅन डिएगोच्या पाड्रेस संघात तो फर्स्ट बेस कोच झाला, मग बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा मदतनीस. त्याआधी २०१० ला कॅन्सर निघाला, त्यातून उठला. २०१६ पासून डॉजर्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, आहे आणि २०२०, २०२४, २०२५ अशा तीन वर्ल्ड सिरीज नावावर आहेत. खेळाडू म्हणून दहा सीझनमध्ये होमरन किती? २३.

आणि मेहुण्याच्या यांकीजना २००९ च्या विजेतेपदाच्या वर्षी बॅटिंग शिकवणारा केविन लाँग कोण? तोही आउटफिल्डर. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या लीगमध्ये, एकही सामना खेळलेला नाही. त्यामुळे 'बॅट धरायला शिकव' हे कुणी कुणाला सांगायचं?

हां, एक सांगायचं राहिलं. स्टार नसले तरी हे दोघं प्रोफेशनल खेळलेले. संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये रॉबर्ट्स २८ व्या फेरीत का होईना, पण निवडला गेला होता. सुरुवात बहुतेकांची खालच्या मायनर लीगमध्ये होते, बसचे लांबलांब प्रवास करत. आणि रॉबर्ट्सनं पिचर बदलताना घातलेले घोळ काढायला बसलो तर रात्र पुरायची नाही. तुमच्या मुलाला आत्ताच कोच करायला निघू नका. त्याला स्टॉपवॉच घेऊन द्या आणि बाकावर असेल तेव्हा समोरचा पिचर चेंडू टाकायला किती वेळ घेतो ते मोजायला लावा. फर्स्ट बेस कोच पगार घेऊन हेच करतात.

माझा मुलगा आता खेळत नाही. पण गेल्या वर्षी डॉजर्सनी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात टोरांटोला हरवलं तेव्हा मी रात्रीच मेहुण्याला मेसेज टाकला, "टाच बघ." दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.