मुलीआधी घड्याळ पाहा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सावकाश वाचले. साडेतीन वर्षांची मुलगी हट्टी झाली आहे, काही ऐकत नाही, नऊ महिन्यांच्या भावाला चिमटे काढते आणि तुम्ही दोघेही थकून गेला आहात, असा त्याचा एकूण आशय आहे. तू वर्णन केलेले प्रसंग मी वेळेनुसार लावून पाहिले, तेव्हा असे दिसले की जवळजवळ प्रत्येक आकांत एक तर सकाळी घरातून निघताना झाला आहे, नाहीतर संध्याकाळी तुम्ही परतल्यापासून ती झोपेपर्यंतच्या काळात. सुटीच्या दिवशीच्या सकाळचा एकही प्रसंग तुझ्या पत्रात नाही. मुलीचा स्वभावच तसा असता तर तो वेळ पाहून प्रकट झाला नसता. म्हणून तिला वळण लावण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी घरातला दिवस कसा आखला गेला आहे ते तुम्ही तपासावे, असे माझे मत आहे.

सुरुवात झोपेपासून कर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चोवीस तासांत १० ते १३ तास, तर ४ ते ११ महिन्यांच्या बाळांसाठी १२ ते १६ तास झोप सांगितली आहे, आणि दिवसाची झोप त्यातच धरलेली आहे. तुझी मुलगी रात्री साडेदहाला झोपते, सकाळी साडेसहाला उठवली जाते आणि दुपारी झोपत नाही, म्हणजे किमान गरजेपेक्षाही तिला रोज दोन तास कमी मिळतात. मोठा माणूस झोप कमी पडली की मरगळतो, पण लहान मूल पुष्कळदा उलट वागते: ते अधिक धावते, अधिक ओरडते, क्षुल्लक कारणावरून बिथरते आणि पाहणाऱ्याला वाटते की याला झोपच आलेली नाही. झोपेची वेळ एकाच रात्रीत दोन तास मागे ओढायचा प्रयत्न करू नकोस, कारण तसे केल्यास ती अंथरुणात पडून तेवढा वेळ भांडत राहील. उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही जवळपास तीच ठेवावी आणि झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावी. त्यापूर्वीचा क्रम मात्र रोज एकच असावा: अंग धुणे, कपडे बदलणे, दात घासणे, मंद दिवा आणि एक गोष्ट. गोष्ट कोणती हे तिला ठरवू दे, परंतु ती एकच असेल हे तू ठरव. झोपण्यापूर्वीचा तासभर कोणताही पडदा चालू नसावा, आणि यात तुझा मोबाईलही आला.

मोबाईलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. बाळाशी हसतखेळत बोलणाऱ्या आईने काही मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा, एवढाच तो प्रयोग होता. बाळे आधी हसून, हातवारे करून तिला परत आपल्याकडे वळवू पाहत, नंतर अस्वस्थ होत आणि शेवटी मान फिरवून घेत. फोनमध्ये गुंतलेला चेहराही मुलाला तसाच निर्विकार दिसतो. घरी आल्यावर पहिली पंधरा मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलीजवळ बसलास, तर संध्याकाळच्या तक्रारींचा बराचसा भाग तिथेच निवळेल. दिवसभर दूर राहिलेल्या मुलाला आधी माणूस हवा असतो, स्वयंपाक आणि आवराआवर त्यानंतर.

एवढे करूनही ती कधीतरी जमिनीवर लोळेल, कारण त्या वयात ते व्हायचेच. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडत राहतो, आणि साडेतिसाव्या वर्षी जे कित्येकांना जमत नाही ते साडेतिसऱ्या वर्षी तिला जमावे, ही अपेक्षाच गैरवाजवी आहे. ती किंचाळत असताना उपदेश करू नकोस. त्या अवस्थेत तिच्यापर्यंत वाक्ये पोहोचत नाहीत, केवळ आवाजाची पट्टी पोहोचते. तिला लागणार नाही एवढे पाहून जवळ बसावे, थोडे आणि हळू बोलावे, आणि जे नाकारले आहे ते रडण्यामुळे देऊ नये. ‘पाच मिनिटांत निघायचे’ हे तिला कळत नाही, कारण पाच मिनिटे म्हणजे किती याची कल्पनाच या वयात नसते. ‘हा मनोरा बांधून झाला की चपला घालायच्या’ हे कळते. शिवाय निघायचे की नाही हा प्रश्न तिला विचारूच नये. कोणत्या चपला, एवढाच विचारावा.

जेवणाबद्दल तू पानभर लिहिले आहेस, पण माझे उत्तर थोडक्यात आहे. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला पटते: काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती हे मुलाने. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी तो दहा-पंधरा वेळाही पानात यावा लागतो. मागे धावून घास भरवणे आजपासून थांबव.

धाकट्याला चिमटे काढण्याबद्दल तिला शिक्षा करण्याआधी हे ध्यानात घे, की तो आता रांगू लागल्याने तिच्या खेळण्यांपर्यंत पोहोचतो आहे, आणि तिच्या दृष्टीने खरे आक्रमण आत्ता सुरू झाले आहे. तिच्या काही वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेव, आणि दिवसातून थोडा वेळ तुमच्यापैकी एकाने केवळ तिच्याबरोबर घालवावा. मारणे मात्र चालणार नाही, हे प्रत्येक वेळी हात धरून, शांतपणे, त्याच शब्दांत सांगावे.

रांगत्या बाळाच्या बाबतीत मी एरवीइतका सैल नाही. घड्याळात किंवा रिमोटमध्ये असते ती चपटी गोल बॅटरी बाळाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पाण्याने भरलेली बादली न्हाणीघरात ठेवू नये, कारण काही बोटे खोल पाण्यातही बाळ बुडू शकते. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी. मोठ्या मुलीच्या खेळण्यांतले सुटे बारीक भाग रोज रात्री जमिनीवरून उचलावेत, आणि ते काम तू करावेस.

तू करावेस असे मुद्दाम लिहिले. तुझ्या पत्रात पत्नीविषयी ‘ती सांगते ते सर्व करतो’ असे एक वाक्य आहे. पण सांगणे हेही एक कामच आहे, आणि घरात ते न दिसणारे व सर्वांत दमवणारे काम आहे. लसीची तारीख, तोकडे झालेले कपडे, संपत आलेले औषध हे सारे एकाच डोक्यात साठत असेल, तर त्या डोक्याला रात्रीही विश्रांती नाही. म्हणून सुटी कामे न मागता काही पूर्ण विभाग घे. मुलीची झोपवणी आणि दोन्ही मुलांच्या लसी व डॉक्टर हे विभाग लक्षात ठेवण्यापासून पार पाडण्यापर्यंत तुझे असू देत. तू ते तुझ्या पद्धतीने करशील, आणि तिने त्यात दुरुस्त्या सुचवू नयेत, हेही तिला माझ्या नावाने सांग. रात्री उठण्याच्या पाळ्या लावा, म्हणजे प्रत्येकाला एकाआड एक रात्र तरी सलग झोप मिळेल. पत्नी सतत खिन्न असते असे तू ओझरते लिहिले आहेस. बाळंतपणानंतरचे नैराश्य पहिल्या वर्षात केव्हाही येऊ शकते, आणि ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घे. हे काम झोपेच्या वेळापत्रकाहूनही आधीचे आहे.

बाकी सारे एकदम सुरू करू नकोस. पहिले तीन आठवडे फक्त झोपेची वेळ आणि घरी परतल्यावरची पंधरा मिनिटे एवढेच सांभाळ, आणि रोज मुलगी किती वाजता झोपली व कोणत्या वेळी रडली याची एका ओळीत नोंद ठेव. ती नोंद मला पाठव. शाळेत घालण्याविषयी विचारले आहेस, त्याचे उत्तर ती पाहिल्यावर लिहीन.

तुझा हितचिंतक