गोळी सुटेल, पण एकदम नको

प्रश्न : वय ५४, औसा तालुक्यात शेती. बोअरला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणी देता देता झोपच मोडली. सहा वर्षांपूर्वी झोपेसाठी अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमची गोळी मिळाली, पंधरा दिवसांसाठी. ती अजून चालू आहे, मेडिकलवाला ओळखीचा. आता पाण्याचं पोरगं बघतंय, तरी गोळीबिगर डोळा लागत नाही. मागच्या महिन्यात बंद केली, तर तीन रात्री टक्क जागा, घाम, हात थरथरले. आठलाच आडवा होतो. काय करू?

उत्तर : दादा, त्या तीन रात्री तुमचा जुना आजार नव्हता, गोळी एकदम तोडल्याची उसळी होती. अशात काहींना फिटही येते. तेव्हा मनाने पुन्हा बंद करू नका. आणि ही गोळी शेड्यूल एच-१ म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीतली, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. ओळखीच्या मेडिकलवाल्याने तुमच्यावर उपकार केलेले नाहीत.

डॉक्टरांना भेटा, ०.२५ ची गोळी लिहून मागा. तुमची आजची एक गोळी म्हणजे अशा दोन. दोन आठवडे दीड, दोन आठवडे एक, मग अर्धी, मग बंद, असा बेत त्यांच्यापुढे ठेवा. एखाद्या पायरीवर अडलात तर तिथंच महिनाभर थांबा. सहा वर्षं घेतलीत, चार महिने लागले तर काय बिघडलं?

खरी गोम मात्र आठला आडवं होण्यात आहे. झोप येते पाच-सहा तास आणि तुम्ही बाजेवर नऊ तास. उरलेला वेळ तळमळता, शरीराला बाज म्हणजे जागायची जागा वाटू लागते. बैल संध्याकाळी आपसूक गोठ्याकडे वळतो ना, तशी ओढ पुन्हा लागायला हवी. अकराच्या आत पाठ टेकायची नाही. रात्र कशीही जावो, पाचला उठायचंच. डोळा लागेना तर ओसरीवर येऊन बसा, पेंग आली की परत जा. दुपारी लिंबाखाली लवंडणंही बंद. पहिला आठवडा जड जाईल, त्या दिवसांत ट्रॅक्टर पोराकडे द्या.

दुपारी तीननंतर चहा नको. दारू आणि ही गोळी एकत्र तर कधीच नाही, श्वास मंदावतो. घोरताना तुमचा श्वास अडकतो का, हे मालकिणीला विचारा. अडकत असेल तर ती तपासणी आधी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा : किती गोळी, कधी झोपलो, कधी उठलो. डॉक्टरांकडे जाताना तेच पान न्या.