आईचे थडगे आणि भावाचा पैसा

प्रश्न : आई गेल्या महिन्यात वारली. शेवटची ६ वर्षे ती राजारामपुरीत भाड्याच्या एका खोलीत राहिली. नागाळा पार्कात बंगला असलेला माझा थोरला भाऊ नाताळला फराळ आणि साडी घेऊन यायचा, तेवढेच. औषधाला पैसे पुरत नाहीत हे त्याला सांगू नकोस, असे आईने मला बजावले होते. आता त्याला तिच्या थडग्यावर संगमरवर बसवायचा आहे आणि त्यासाठी तो माझ्याकडे ४० हजार रुपये मागतो आहे. ताई, श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्या दाखल्याप्रमाणे त्याचे काय होईल?
— एक भगिनी, कोल्हापूर

प्रिय भगिनी,

हा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायात आहे. जांभळी वस्त्रे नेसून रोज चैनीत जेवणारा एक श्रीमंत आणि त्याच्या दरवाजाशी पडून राहिलेला, अंगभर फोड आलेला लाजर, असे हे दोघे. मरणानंतर लाजराला देवदूत यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या उराशी नेतात आणि श्रीमंत यातनेत पडतो. ज्या अब्राहामापाशी लाजराला जागा मिळाली, तो स्वतः गुरेढोरे, सोने व रुपे यांनी संपन्न होता, हे बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात लिहिलेले आहे. तेव्हा भावाचा बंगला हा काही त्याचा अपराध ठरत नाही. दाखल्यातला दोष आहे तो रोज जाता-येता दिसणाऱ्या माणसापाशी कधीच न थांबण्याचा. वर्षातून एकदा आईच्या दारात येऊनही भावाने खोलीत नीट पाहिले नाही, हा आपला राग मला रास्त वाटतो.

मात्र निकाल आपण देऊ नये. यातनेत पडलेल्या त्या श्रीमंतालाही अब्राहाम ‘मुला’ अशीच हाक मारतो, आणि श्रीमंत विनवणी करतो ती घरी राहिलेल्या पाच भावांसाठी. माझ्या समजुतीप्रमाणे हा दाखला त्या पाचांसाठीच, म्हणजे अजून जिवंत असलेल्यांसाठी, सांगितलेला आहे. आपला भाऊ त्यांच्यातलाच एक आहे; आणि, वाईट वाटून घेऊ नका, आपणही. आईने शपथ घातली म्हणून आपण गप्प राहिलात. स्वाभिमानी आयांच्या अशा शपथा कधीकधी मोडाव्या लागतात, पण ते आता बोलून उपयोग नाही.

संगमरवराविषयी लूकच्या त्याच १६व्या अध्यायातील २२वे वचन वाचावे. श्रीमंताला पुरण्यात आले, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. लाजराच्या दफनाचा मात्र उल्लेखच नाही. ज्याला मूठमाती मिळाली की नाही हेसुद्धा कळत नाही, त्याचे नाव मात्र दाखल्यात आहे, आणि श्रीमंताला नाव नाही. तेव्हा ४० हजार दिले नाहीत तर आईचा अवमान होईल, ही भीती मनातून काढून टाकावी. साधा क्रूस आणि नाव कोरलेली फरशी पुरेशी आहे. भावाला स्वतःच्या खर्चाने अधिक करायचे असेल तर करू द्यावे. अरिमथाईच्या धनवान योसेफाने येशूला स्वतःसाठी खोदलेल्या नव्या कबरेत ठेवले, ते कोणी वावगे मानलेले नाही.

पैशांचा विषय निघण्यापूर्वी त्याच्याशी एकदा एकांतात बोला. औषधांच्या चिठ्ठ्या जवळ असतील तर त्याच्यासमोर ठेवा, आणि आईने काय बजावले होते तेही सांगा. तो चिडेल किंवा रडेल. दोन्हीची तयारी ठेवून जा. खोलीचे भाडे थकले असेल किंवा शेजारपाजारच्या कोणी आईला डबा पुरवला असेल, तर ती देणी दोघांनी मिळून आधी चुकती करावीत. दगडाचे नंतर पाहता येईल.

आपली,
ताई