मँचेस्टरला निघालास, तर क्लबही शोधून ठेव

परभणीच्या काळ्या मातीत टेनिस बॉलवर खेळत मोठा झालास, तर मँचेस्टरला शिकायला गेल्यावर नुसता खोलीत बसू नकोस. मी पहिला हिवाळा तसाच काढला. ज्वारीची भाकरी आठवून जीव कासावीस व्हायचा.

तिथं क्लब क्रिकेटचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. पण मे महिन्यात जाऊन उभा राहिलास तर संघ बहुतेक ठरलेले असतात. हिवाळ्यात इनडोअर नेट चालतात, तेव्हाच जा. सेक्रेटरीला चार ओळींचा मेल टाक: काय खेळतोस, कोणते शनिवार मोकळे आहेत. तिसऱ्या-चौथ्या संघात घेतलं तर मन खट्टू करू नकोस. पन्नाशीचे काका आणि पंधरा वर्षांची पोरं तिथं एकत्र खेळतात, आणि माझी जिवाभावाची माणसं मला त्याच संघात भेटली.

चेंडू लेदरचा. ढगाळ हवेत असा स्विंग होतो की आपली आडवी बॅट कामाला येत नाही. सरळ बॅटनं खेळायला शीक, हेल्मेट घेच. वर्षाची वर्गणी वेगळी, सामन्याची फी वेगळी.

सामना संपला की लगेच निघू नकोस. स्टंप उचल, कधी स्कोअर लिही, अंपायरिंगला उभा राहा. दारू घेत नसशील तर लिंबूपाणी घे, पण सगळ्यांसोबत बस.

आणि विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करता येत नाही. कुणी कोचिंगचे पैसे देऊ केले तर सरळ नाही म्हण.