आडनावाने दप्तर उघडत नाही

प्रश्न : माझे खापरपणजोबा बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या कारकिर्दीत शिलेदार होते, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. पुरावा म्हणून एक मोडी कागद आहे. त्यातील ‘समान खमसैन मयातैन व अलफ’ एवढे एका जाणकारांनी वाचून दिले. कोठीवरील दप्तरभांडारात जाण्याचा विचार आहे. आडनाव सांगितल्यास कागद मिळतील का? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : नुसत्या आडनावावर मिळण्याची आशा फार धरू नका. गायकवाड सरकारचे दप्तर कारभाराच्या सोयीसाठी ठेवले गेले, तुमच्या-आमच्या वंशावळीसाठी नव्हे. त्यामुळे ते खात्यावार आणि सालवार लावलेले असते. तेव्हा खापरपणजोबा कोणत्या खात्यातून पैसे घेत होते आणि कोणत्या साली, हे दोन प्रश्न घरीच सोडवून मग कोठीची पायरी चढावी.

साल तुमच्या हातात आहेच. हे शुहूर सन होय, आणि त्यात आकडे अरबी शब्दांत, एककापासून वर चढत लिहितात : समान म्हणजे 8, खमसैन 50, मयातैन 200, अलफ 1000, एकूण 1258. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, पालटते, म्हणून जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी 599 आणि जानेवारी ते मेपर्यंत 600 मिळवावे. तुमचा कागद त्यामुळे 1857-58चा ठरतो, आणि खंडेरावांची कारकीर्द 1856 ते 1870 असल्याने घरची आठवण येथे कागदाशी जुळते. मी स्वतः एकदा सरसकट 599 मिळवून एका वैशाखातील कागदासाठी मागच्या वर्षाची बाडे दोन दिवस चाळली होती. हिशेबाच्या कागदांत गुजरातचा कार्तिकी संवतही भेटतो. तो दिवाळीनंतर पालटतो, हे ध्यानात असावे.

आता नावाविषयी. जुन्या कागदांत आडनाव असेलच असे नाही. ‘संताजी बिन राणोजी’ असे लिहिलेले असेल तर ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. नवशिका वाचक ते नावाचाच भाग समजतो. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात, मग अक्षरे तिला टांगत जातात, शब्दांत अंतर सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. म्हणून खापरपणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव मोडीत कसे दिसेल, हे जाणकारांकडूनच एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी कागदांशेजारी ठेवून नजर फिरवा. पूर्ण मोडी येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे बरे.

शिलेदाराच्या बाबतीत सर्वांत बोलका कागद तो हयात असतानाचा नसतो, तो मेल्यानंतरचा असतो. असामी (सरकारी पगाराची जागा) किंवा नेमणूक (ठरलेला तनखा) मुलाच्या नावे चालवायची तर वारस कोण, भाऊ किती, दत्तक झाले का, याची चौकशी होई, आणि भाऊबंदांत तंटा असेल तर तिला आणखीच फाटे फुटत. भांडखोर पूर्वज संशोधकाला उपकारक ठरतात, हे सांगायला संकोच वाटतो, पण तसे आहे खरे.

त्यापुढच्या पिढ्यांसाठी दप्तरभांडार सोडून शाळेकडे वळा. सयाजीरावांनी 1906 साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले, तेव्हा आजोबांचे नाव एखाद्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असण्याचा संभव बराच आहे. घराचे खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा आणि वारसाच्या वेळी तलाठ्याकडे झालेले पेढीनामुं, म्हणजे वारसांची वंशावळ, हेही पाहावे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मूळ कागदांपेक्षा छापील साधनांचा शोध घ्या. संस्थानचे वार्षिक अहवाल आणि दप्तरातील निवडक कागदांचे छापील खंड वाचले म्हणजे खात्यांची नावे तरी तोंडी बसतात.

प्रश्न : पणजीचे माहेर कोणते, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. सरकारी कागदांतून ते कळेल का? (एक वाचक, रावपुरा, बडोदे)

उत्तर : क्वचितच. विधवेच्या अर्जात ‘सगुणाबाई कोम राघोजी’ असे लिहिलेले आढळेल, पण ‘कोम’ म्हणजे ‘ची बायको’. त्यातून सासर कळते, माहेर नाही. ज्या घराण्यांचे कुलवृत्तान्त, म्हणजे वंशावळीसह इतिहास, छापले गेले आहेत त्यांत सुनांची माहेरची नावे पुष्कळदा दिलेली असतात. मात्र पणजी ज्या घरात दिली त्या घराण्याचा कुलवृत्तान्त आधी पाहावा. तो नसेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे नोंदलेल्या, वह्या उरतात. तेथे जाताना घराण्याचे देशावरचे किंवा कोकणातले मूळ गाव ठाऊक हवे, कारण ‘आम्ही बडोद्याचे’ एवढ्यावर वही निघत नाही. उपाध्याय आधी गाव विचारतात, नाव मागाहून.